बगळ्याच्या मोहोरेची सात पाकिटं

"तुझा श्वास जरा तिकडे जाऊन घे," खडू म्हणाली. "काचेवर वाफ धरतेय."

"श्वास काय, खिशात घालून नेता येतो का?" शेपूटने विचारलं, पण तो दोन पावलं मागे सरकला.

सुट्टीचा चौथा दिवस, सकाळचे साडेनऊ. अशा वेळी शहाणी मुलं नदीवर असतात. ही तिघं मात्र नगरपालिकेच्या इमारतीत, खालच्या दालनात होती. खडू थंडगार फरशीवर मांडी घालून एका काचेच्या कपाटासमोर बसली होती. मांडीवर लाकडी फळी, फळीवर हातभर लांबरुंद कागद, आणि दाही बोटं कोळशाने काळी. तीन वर्षांची असताना तिने घरातल्या सगळ्या भिंती हात पोचेल तिथपर्यंत रंगवून टाकल्या, तेव्हापासून ती खडू. बारा वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नाही. शेपूट हा तिचा आठ वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथे तो मागे असायचाच, त्यामुळे त्याला नाव शोधताना कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नव्हतं. खांबाला टेकून पाव खात उभा होता तो शेजारचा भोंगा. भोंगा कानात कुजबुजला तरी तीन घरं पलीकडे ऐकू जाई. म्हणून त्याला कुणी गुपितं सांगत नसे, आणि त्याचं त्याला मनातून फार वाईट वाटे.

कपाटातल्या वस्तू उद्या निघणार होत्या. आज त्या निदान कागदावर तरी उतरवून घ्याव्यात, म्हणून खडू तिथे बसली होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं गाव आणि सीमेपलीकडचं एक गाव एकमेकांच्या बहिणी झाले. सह्या झाल्या, हार झाले, भाषणं तर विचारूच नका. गावं बहिणी कशी होतात, असं शेपूटने तेव्हा विचारलं होतं. बाबांनी सांगितलं होतं, माणसांसारखीच. एकमेकींकडे जायचं, राहायचं आणि एकमेकींच्या वस्तू न विचारता वापरायच्या. पहिल्याच वर्षी बहीणगावची चाळीस माणसं आली आणि पाच दिवस घराघरांत राहिली. खडूच्या घरी आली ती तिच्याच वयाची एक मुलगी. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की गल्लीतली कुत्री आपापल्या घरी निघून जात. तिचं नाव अर्थातच शिट्टी पडलं. पाच दिवसांत दोघींचं असं मेतकूट जमलं की निरोपाच्या वेळी गाडी सुटायला चार मिनिटं उशीर झाला, कारण दोघी एकमेकींना सोडेनात.

शिट्टीचे आजोबा म्हणजे बहीणगावचे नगराध्यक्ष. ताडासारखे उंच, काटकुळे, लांब मानेचे. आपल्या नगराध्यक्षांकडचा पलंग त्यांना पुरेना, म्हणून पाच रात्री पाय स्टुलावर ठेवून झोपले, पण तक्रार म्हणून केली नाही. जाताना त्यांनी पितळी घंटा, निळा सुरईसारखा जग आणि लाकडात कोरलेला बगळा भेट दिला. बगळा ही त्यांच्या गावाची खूण.

या भेटवस्तूंसाठी आपल्या नगराध्यक्षांनी हे कपाट करून घेतलं. केलं कुणी, तर खडूच्या बाबांनी. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं फ्रेम-आरशांचं दुकान होतं. तीन बाजूंनी काच आणि पाठीला आरसा, म्हणजे तीन वस्तू सहा दिसतील, अशी बाबांची युक्ती. नगराध्यक्ष खूश झाले. नगरपालिकेला एकाच्या पैशांत दोन मिळालं की नगराध्यक्ष नेहमीच खूश होत.

आणि मग सगळं थंडावलं. आपल्या नगराध्यक्षांनी बहीणगावाला एक लांबलचक पत्र पाठवलं. त्याच पाकिटात गावातल्या मुलांचीही पत्रं घातली. उत्तर आलं नाही. एक महिना, दोन महिने, अकरा महिने. आता या गावाचा एक खाक्या होता. आपण पत्र लिहिलं की पाळी समोरच्याची. समोरचा लिहीत नाही तोवर आपण लेखणी उचलायची नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर. शेजारणी इथे या खाक्यापायी वर्षवर्ष अबोला धरत. तेव्हा नगरपालिकेनेही अकरा महिने नाक वर करून वाट पाहिली, आणि आज साडेदहाला वरच्या मजल्यावर सभा होती. विषय एकच: हे बहीणपण मोडावं की नाही. कपाटात उद्यापासून क्रीडास्पर्धांचे चषक ठेवायचं ठरूनही गेलं होतं.

खडू कोळसा चालवत होती, पण तिचं मन वरच्या सभेकडे होतं. बहीणपण का मोडतंय हे सगळ्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं, असं तिचं मत होतं. अकरा महिन्यांपूर्वी शिट्टीला पाठवलेल्या पत्रात तिने एक चित्र काढलं होतं. नदीत एका पायावर उभा असलेला बगळा; लांब मान, काटकुळे पाय, डोळ्यांवर चष्मा, आणि चेहरा हुबेहूब शिट्टीच्या आजोबांचा. काढताना इतकं हसू आलं की तिला पुढचा विचारच सुचला नाही. मग ते पत्र नगरपालिकेच्या पाकिटातून गेलं, म्हणजे ते उघडलं असणार आजोबांनीच. आणि त्यानंतर एक ओळसुद्धा नाही. खडूने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तो खालचा खण राहिला," शेपूटने बोट दाखवलं.

खालच्या खणात एका लाकडी घडवंचीवर सात पाकिटं ओळीने उभी होती. जाड, दुधी रंगाची, बाजूला निळी फीत. दर्शनी बाजूला सुरेख वळणाचा पत्ता. खडूने पहिली सहा झरझर काढली. सातव्याला आरशातली त्यांची पाठही काढू या, म्हणून ती पोटावर आडवी झाली आणि आरशात पाहू लागली.

तिचा हात थांबला.

"भोंग्या, लाखेची मोहोर लावलेलं पाकीट उघडलं की मोहोरेचं काय होतं?"

"तुकडे होतात. आमच्या मामांच्या पार्सलचे झाले होते."

"मग हे बघ."

तिघंही पालथी पडली. आरशात सात पाठी दिसत होत्या आणि सातही पाठींवर लालभडक लाखेचा बगळा एका पायावर उभा होता. एकालाही चीर नव्हती. शेवटच्या पाकिटावर मोहोरेखाली शाईने काहीतरी लिहिलं होतं. आरशात ते उलटं दिसत होतं, पण बाबांच्या दुकानात लहानाची मोठी झालेल्या मुलीला आरशातलं वाचायला कितीसा वेळ लागणार? तिने ते हळूहळू वाचलं. तातडीचे. बारा तारखेच्या आत उघडावे.

"आज किती तारीख?" तिने विचारलं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. आज बारा तारीख होती.

कपाट गावातला प्रत्येक मोठा माणूस येता-जाता पाहत होता, आणि रोज दिसतं म्हणूनच कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. पण पाकिटं कपाटात गेली कशी? याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. तो माणूस दारापाशी स्टुलावर बसून किल्ल्यांना तेल लावत होता.

सभागृहाचे रखवालदार म्हणजे कुलूपकाका. कमरेला चाळीस किल्ल्यांचा जुडगा, आणि अंधारात हात घातला तरी हवी ती किल्ली पहिल्या झटक्यात बाहेर. आजवर त्यांची एक किल्ली हरवली नव्हती की एक नियम मोडला नव्हता. मुलांनी पाकिटांबद्दल विचारताच त्यांचा चेहरा खुलला. ती मीच ठेवली, ते अभिमानाने म्हणाले, आणि कपाटावर टांगलेली चौकट दाखवली. चौकटीत नगराध्यक्षांच्या सहीचा हुकूम होता: बहीणगावाहून आलेली प्रत्येक वस्तू आल्याबरोबर या कपाटात ठेवावी. तिला कोणीही हात लावू नये.

टपालवाला पाकीट आणून देई, तेव्हा कुलूपकाका ते न उलटता रुमालात धरून थेट कपाटात नेऊन ठेवत. बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता. रोज सकाळी मोरपिसाने धूळ झटकत होते.

"पण काका, आत पत्रं आहेत," खडू म्हणाली.

"पत्रं?" कुलूपकाका हसले. "अगं, इतक्या नटव्या पाकिटात पत्र कोण घालतं? शोभेची आहेत ती."

खडूने त्यांना आरशात वाकून पाहायला लावलं. ते वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अकरा महिने ज्या पाकिटांना त्यांनी लेकरासारखं जपलं, तीच गावाच्या मुळावर आली होती. त्या म्हाताऱ्या माणसाची तिघांनाही फार दया आली. भोंग्याने तर उरलेला पाव त्यांच्यापुढे धरला.

पाकीट उघडू या, असं खडूने म्हणताच काकांनी मान हलवली. सहीचा हुकूम होता. हात लावायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी स्वतःसुद्धा कधी लावला नव्हता.

"बरोबर आहे काका, हात लावायचाच नाही," खडू म्हणाली. "शेपूट, समोरच्या काकूंकडून पाव उचलायचा चिमटा घेऊन ये. पळ."

कुलूपकाका चौकटीसमोर उभे राहिले. हुकूम त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"हुकमात चिमट्याचं नाव नाही," शेवटी ते म्हणाले आणि त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

शेपूट चिमटा घेऊन आला तो पाववाल्या काकूंनाही मागे घेऊन आला, कारण आपला चिमटा नगरपालिकेला कशाला हवा हे कळल्याशिवाय काकू तो सोडणार नव्हत्या. खडूने सातवं पाकीट चिमट्यात धरलं, भोंग्याने पट्टीने मोहोर उचकटली, काकूंनी पिठाळ हातांनी स्वतःचाच पदर घट्ट धरला. पत्र बाहेर आलं. ते चारच ओळींचं होतं, आणि खडूने ते मोठ्याने वाचलं.

"प्रिय बहीण, सहा पत्रांना उत्तर नाही. आमचं काही चुकलं असेल तर ते समोर बसून ऐकावं, म्हणून आम्ही तेवीस जण बारा तारखेला अकरा वीसच्या गाडीने येत आहोत. फलाटावर तुमच्यापैकी एकही माणूस दिसला नाही, तर आम्ही काय ते समजू आणि तीच गाडी अकरा पन्नासला उलट फिरते तिने परत जाऊ. राग धरणार नाही, पण पुन्हा येणारही नाही."

खाली शिट्टीच्या आजोबांची सही होती.

दालनातल्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मुलं दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर धावली. सभागृहाच्या बंद दाराशी चिटणीसबाई टेबल मांडून बसल्या होत्या. मुलांनी एकाच वेळी सगळं सांगितलं, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. सभा चालू असताना दार उघडत नाही, जे काही असेल ते अर्जात लिहून द्या, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. खडूने दोन ओळींचा अर्ज लिहिला. पाहुणे अकरा वीसच्या गाडीने येत आहेत, कृपया ताबडतोब स्टेशनवर यावे. चिटणीसबाईंनी त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला, तो न वाचता 'पुढील सभेसाठी' लिहिलेल्या टोपलीत टाकला आणि चष्मा पुसायला घेतला.

"पुढची सभा कधी आहे?" शेपूटने विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

भोंग्याने छाती भरून घेतली. पण दाराला आतून जाड गादी लावलेली होती. तिच्यापुढे भोंगासुद्धा लंगडा पडला असता, आणि वर तिघांची उचलबांगडी झाली असती ती वेगळीच. तेवढ्यात मागून कुलूपकाका आले. मतदान पेटीत चिठ्ठ्या टाकून होणार होतं. पेटीची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि मतदानाआधी ती उघडून रिकामी दाखवायला त्यांना आत बोलावलं गेलं होतं.

"मला आत बोलायची परवानगी नाही," ते मुलांना हळूच म्हणाले. "पण चाळीस किल्ल्या आहेत. म्हातारं माणूस आहे. सापडता सापडता वेळ जायचाच. तुम्ही स्टेशन गाठा."

मुलं सुसाट निघाली. स्टेशन गावाबाहेर, रेल्वे फाटकाच्या पलीकडे होतं. चालत गेलं तर अर्धा तास. खडूने चित्राची फळी काखेत मारली होती. टाकून यायचं तिला सुचलंच नाही. पाणवठ्याच्या चढावर धापा टाकताना तिला राहवलं नाही आणि तिने ते बगळ्याचं प्रकरण दोघांना सांगून टाकलं.

"तू त्यांच्या नगराध्यक्षांना बगळा केलंस?" भोंगा म्हणाला. रस्त्यातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"म्हणून तर सांगत नव्हते तुला!"

"पण पत्रात रागाचं कुठे काही आहे?"

"मोठी माणसं राग पाकिटाबाहेर ठेवतात," खडू म्हणाली. "सभ्य असतात ना ती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती धावत होती आणि वारा समोरून येत होता, त्यामुळे कुणाला ते कळलं नाही.

फाटक दिसायला लागलं आणि त्याच क्षणी त्याचे दोन्ही दांडे खाली आले. फाटकवाल्या मावशी हिरवा बावटा घेऊन रुळांपाशी उभ्या राहिल्या. गाडी येत होती, आणि ती जाईपर्यंत पलीकडे जायचं नाव नको. मुलांनी हात जोडले, पाय आपटले. मावशींनी एवढंच सांगितलं की फाटकाखालून वाकून जाणाऱ्याचा कान त्या गाडी थांबवूनसुद्धा धरतात. त्यांचं बरोबरच होतं. पण गाडी डब्यामागून डबे ओढत जाणार, पाहुणे रिकाम्या फलाटाकडे पाहणार आणि खाली उतरायच्या आधीच त्यांचं मन उतरणार, हे खडूला स्पष्ट दिसत होतं.

"आपल्याला गाडीकडे जाता येत नाही," शेपूट म्हणाला, "पण गाडी तर आपल्यासमोरूनच जाणार ना?"

शेपूट असं क्वचितच बोलायचा, पण बोलला की लाखाचं बोलायचा. खडूने फळीवरचा कागद उलटा केला आणि कोळशाचा सगळ्यात जाड तुकडा घेऊन कागदभर अक्षरं काढली: उतरा! पत्रं आज उघडली!

फाटकापाशी गाडी संथ झाली. खडू आणि शेपूट फळी डोक्यावर धरून टाचा उंचावून उभी राहिली. भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदा, कुणी गप्प बस म्हणणार नाही याची खात्री असताना, पूर्ण ताकदीने तोंड उघडलं.

"उतरा हो! आम्ही आलोय! उतरा!"

मावशींच्या हातातून बावटा पडला. खिडक्यांमागून खिडक्या गेल्या. झोपाळू चेहरे, वर्तमानपत्रं, एक रडणारं बाळ. कुणी ओळखीचं नव्हतं. चौथा डबा गेला, पाचवा गेला. खडूचे हात भरून आले. आणि शेवटून दुसऱ्या डब्याच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं, दोन बोटं तोंडात गेली, आणि अशी शिट्टी वाजली की फाटकाजवळचं कुत्रं उठून आपल्या घरी निघून गेलं.

"शिट्टी!" खडू किंचाळली.

फाटक उघडेपर्यंतची दोन मिनिटं दोन तासांसारखी गेली. मग तिघं फलाटावर पोचली तेव्हा तेवीस माणसं पेट्या खाली ठेवून उभी होती. शिट्टी धावत आली ती थेट खडूच्या अंगावरच आदळली. तिच्या मागे, सगळ्यांच्या डोक्यांवरून, एक लांब मान आणि चष्मा दिसत होता.

खडूने शिट्टीचा हात सोडला. आता नाही बोललं तर कधीच बोलवणार नाही, हे तिला कळत होतं. ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तो बगळा मी काढला होता," ती म्हणाली. "रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. गावाचा काही दोष नाही. त्यांना तर माहीतसुद्धा नाही."

आजोबा खाली वाकले. इतके वरून वाकायला त्यांना वेळ लागला.

"ती चित्रकार तू होय?" ते म्हणाले. "अगं, ते चित्र माझ्या खुर्चीमागे भिंतीवर लावलंय मी. भेटायला येणारे आधी चित्र बघतात, मग मला बघतात, आणि मग हसतात. हसलेल्या माणसाशी भांडण होत नाही. माझी निम्मी कामं त्या बगळ्यामुळे होतात. दुसऱ्याच पत्रात मी लिहिलं होतं तुला, की आता आजीचंही एक काढून पाठव. उत्तर नाही म्हटल्यावर मला वाटलं, मागितलेलं आवडलं नसेल."

एकदम खडूला रडू कोसळलं आणि हसूही आलं, आणि कोळशाच्या बोटांनी तिने डोळे पुसले, त्यामुळे तोंडाचं जे झालं ते पाहून तेवीसच्या तेवीस माणसं हसायला लागली. पाकिटं कुठे होती हे भोंग्याने सांगितलं. ते अर्थातच सगळ्या स्टेशनला कळलं. स्टेशनमास्तरसुद्धा खोलीतून बाहेर आले.

गाडी अकरा पन्नासला उलट फिरली, पण तिच्यात पाहुण्यांपैकी कुणी नव्हतं. ते गावात शिरत होते. पुढे भोंगा ओरडून रस्ता मोकळा करत होता. मागे आजोबा शेपूटला खांद्यावर घेऊन चालत होते, म्हणजे शेपूट गावातल्या पहिल्या मजल्यावरच्या लोकांशी समोरासमोर बोलू शकत होता. पाववाल्या काकू गरम पावांची टोपली घेऊन दुकानाबाहेर उभ्याच होत्या. बाबा दुकान तसंच उघडं टाकून आले. न्हाव्याच्या दुकानातून एकजण अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मिरवणुकीत सामील झाला.

वरच्या मजल्यावर नगराध्यक्षांचा पारा चढला होता. नुसती पेटी उघडायला एक तास! कुलूपकाका घाम पुसत, क्षमा मागत, सदतिसावी किल्ली लावून पाहत होते. बाहेर चिटणीसबाई उठून उभ्या राहिल्या आणि सभा चालू आहे असं सांगू लागल्या, पण ते सव्वीस माणसांना, एका पावाच्या टोपलीला आणि अर्ध्या दाढीला एकदम सांगणं सोपं नसतं. गादी लावलेलं दार उघडलं.

नगराध्यक्ष पाहुण्यांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग आश्चर्य, मग नुसताच गोंधळ. तेव्हा कुलूपकाकांनी जुडगा टेबलावर ठेवला, खाली जाऊन तबकात सात पाकिटं आणली, आणि आजवर सभेत एक शब्द न बोललेला तो माणूस बोलला.

"साहेब, पत्रं आली होती. सगळी आली होती. चूक माझी आहे. मी जपून ठेवली."

नगराध्यक्षांनी सातवं पत्र वाचलं. मग ते उठून खाली गेले. सगळी सभा त्यांच्या मागोमाग जिना उतरली. कपाटासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या सहीचा हुकूम वाचला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले ते.

"चूक यांची नाही," ते म्हणाले. "हुकूम मी काढला, यांनी तो जिवापाड पाळला. आणि आम्ही सगळे अकरा महिने या कपाटावरून रोज ये-जा करत राहिलो. बघितलं फक्त या तीन मुलांनी."

त्यांनी आजोबांचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. आजोबा म्हणाले, बहिणींमध्ये एवढं चालायचंच. चिटणीसबाई टोपलीतून खडूचा अर्ज काढून घेऊन आल्या आणि तो आता तरी वाचला असल्याचं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. मग त्यांनी तिघांशी हात मिळवला आणि पुढच्या सभेपासून मुलांचा अर्ज सगळ्यात आधी वाचला जाईल, अशी तिथल्या तिथे नोंद करून टाकली. नगराध्यक्षांनी चौकटीतला हुकूम काढला. नवा हुकूम कुलूपकाकांना स्वतःच्या हाताने लिहायला सांगितला. काकांनी बराच विचार करून एकच ओळ लिहिली: आलेलं पाकीट त्याच दिवशी उघडावं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मतदान करायचं कुणाला आठवलंही नाही.

गर्दीतून वाट काढत बाबा खडूपाशी आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी तो आरसा नुसता शोभेसाठी लावला होता, पोरी," ते म्हणाले. "त्याचा उपयोग तू केलास." बाबा दुकानातसुद्धा कुणाच्या कामाची स्तुती फारशी करत नसत. खडूला ते वाक्य चषकापेक्षा मोठं वाटलं.

पाववाल्या काकूंच्या टोपलीभोवती गर्दी झाली तेव्हा खडू आणि शिट्टी दोघी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. पहिल्या पाकिटात, नगरपालिकेच्या पत्रामागे, खडूच्या नावाची एक घडी होती. दुसऱ्यातही होती. सहाच्या सहांत होती. खडू त्या एकेक उघडून वाचत होती आणि शिट्टी लाजून मध्येच म्हणत होती, हे नको वाचूस, हे मी उगाच लिहिलं होतं. पहिलं पत्र चार पानांचं होतं, पुढची लहान होत गेली होती. सहाव्यात एकच ओळ होती. तुझं चित्र बघून मी दोन दिवस हसत होते असं मी लिहिलं, त्याचा तुला राग आला का?

खडूने ती ओळ दोनदा वाचली.

"अकरा महिने तुला वाटत होतं की मी रागावलेय?" तिने विचारलं.

"हो. आणि तुला?"

"मला वाटत होतं, तू रागावलीयेस."

मग शिट्टीने पायरीवरचा कोळशाचा तुकडा उचलला, खडूच्या हातात दिला आणि म्हणाली, "चल, आधी आजीचं चित्र काढ. ती अकरा महिने वाट बघतेय."

"पण मी आजींना पाहिलंच नाही अजून."

"ती काय, आमच्याबरोबरच आलीय, आणि पाव वाटायलाही लागली बघ," शिट्टी म्हणाली, आणि खडू कागद घेऊन उठली.